कुंकू लाल दिसेल असा दिवा

आमच्या लोणावळ्याच्या घरात हॉलच्या छताला सहा स्पॉटलाईट आहेत. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, ते हौसेनं बसवून घेतले होते. हॅलोजनचे दिवे. आईला ते पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत. "डोक्यावर सहा शेगड्या टांगल्यात," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. खाली उभं राहिलं की खरंच टाळू तापायची, आणि विजेचं बिल आलं की आण्णा, म्हणजे आमचे वडील, ते दादाला फोनवर मोठ्यानं वाचून दाखवायचे. एकेक करत दिवे उडत गेले. उडालेले आईनं बदलू दिले नाहीत आणि उरलेले लावू दिले नाहीत. संध्याकाळी देवाजवळची समई आणि स्वयंपाकघरातल्या ट्यूबचा दारातून येईल तेवढा उजेड, यावर त्या दोघांचं चालायचं. याच उजेडात गेल्या मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी आईनं समोरच्या काकूंना कुंकू लावलं.

काकूंचे यजमान श्रावणात गेले होते.

त्या हळदीकुंकवाला आल्याच नव्हत्या. बायका जमायच्या आधी येऊन पूजेला नमस्कार करून निघायचं, असा त्यांचा बेत असावा. पण आईनं हातात प्रसादाचं ताट दिलं, तेवढ्यात गल्लीतल्या बायका आत शिरल्या आणि काकू दाराजवळच्या कोपऱ्यात, चपलांच्या रॅकपाशी अडकल्या. आई हळदीकुंकवाचं पंचपाळं घेऊन ओळीनं पुढं पुढं येत होती. मी दूध वाटत होते. काकूंचा हात अर्धवट वर आला, तोंडातून शब्द मात्र आला नाही. आईनं हळद लावली, कुंकू लावलं आणि पुढच्या बाईकडे वळली. काकूंनी डोक्यावरून पदर घेतला आणि ताट हातात तसंच घेऊन रस्ता ओलांडून घरी गेल्या.

दादा त्या दिवशी पुण्याहून आला होता आणि जेवणाच्या टेबलापाशी बसला होता. त्यानं सगळं पाहिलं. बायका गेल्यावर तो ओरडला नाही, हेच मला जास्त लागलं. शांतपणे म्हणाला, "आईला दिसत नाहीये. आता हे पुरे. संक्रांत झाली की दोघांनी माझ्याकडे यायचं. हे घर बंद करायचं."

आण्णांना कमी ऐकू येतं. त्यांनी विचारलं, "काय बंद करायचं?" कुणीच सांगितलं नाही.

आईनं पंचपाळ्याचं झाकण लावलं. ती एवढंच म्हणाली, "संक्रांतीचं हळदीकुंकू मी माझ्या घरात करणार आहे." काकूंबद्दल अक्षर काढलं नाही. दोन दिवसांनी मी फोनवर विचारलं, काकू काही बोलल्या का? तर म्हणाली, "ताट परत आलं." मी समजले की काकूंनी मनाला लावून घेतलंय. ताट परत आलं आणि येणंजाणं संपलं, असाच अर्थ मी काढला.

आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली आहेत. तळेगावच्या डॉक्टरांनी नंतर तपासून सांगितलं होतं की वयानं आतला पडदा थोडा झिजलाय, लक्ष ठेवायला हवं. आणि घरात भरपूर उजेड ठेवा. आम्ही दोघं भावंडं तेव्हा शेजारी शेजारी बसलो होतो. दादानं पहिलं वाक्य ऐकलं आणि मी दुसरं.

म्हणून त्या गुरुवारी रात्री त्याच्या गाडीपाशी मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, "त्या अंधारात तुला तरी दिसलं असतं का? सहा दिवे लावून ठेवलेस आणि त्यातला एक धड चालत नाही. आधी दिवे बदलू दे, मग तिच्या डोळ्यांवर ये."

"बदल की," तो म्हणाला. "संक्रांतीला मी येतो. तेव्हा बघू."

पैज लावावी तसं झालं ते. फरक इतकाच की हरलो असतो तर आईचं घर गेलं असतं. पुण्यातल्या आठव्या मजल्यावर आई काय करेल, हे मला दिसत होतं. इथं ती चाचपडत का होईना, पण स्वतःच्या घरात चालते. डबे कुठं, पायरी कुठं, नळाची चावी कुठल्या बाजूला फिरते, हे हातापायांना पाठ आहे. तिथं पहिल्या आठवड्यात ती खुर्चीवर बसली असती आणि पुन्हा उठली नसती. दादा वाईट नाही. त्याला भीती वाटते, आणि भीती वाटली की तो लगेच निर्णय घेऊन मोकळा होतो.

मी नवलाख उंब्र्याला एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. हजार जातींचे नटबोल्ट रोज हातात असतात. दिव्याचं काय एवढं, असं मला वाटलं. शनिवारी कामावरून सुटले, तडक लोणावळा गाठलं, बाजारात पहिलं दुकान दिसलं तिथं गेले आणि सांगितलं, सगळ्यात जास्त उजेडाचे एलईडी द्या. जुन्या दिव्याचा नमुना बरोबर होता, दोन जाड पायांचा आणि फिरवून बसवायचा. तसेच सहा मिळाले. खोक्यावर 'कूल' असं काहीतरी लिहिलं होतं. मी म्हटलं, बरंय, आता टाळू तरी तापणार नाही.

स्टुलावर चढून मीच बसवले. बटण दाबलं आणि आण्णा म्हणाले, "आता एक सलाईनचा स्टँड आणा म्हणजे झालं."

हॉलचा दवाखाना झाला होता. पांढराफटक, निळसर उजेड. फरशी चकाकत होती, शोकेसची काच चकाकत होती आणि आई दारात उभी राहून कपाळावर आडवा हात धरून माझ्याकडे बघत होती. बाहेर उन्हात बघवत नसलं की ती असा हात धरते. मग ती भिंतीला धरून आत आली. आपल्याच हॉलमध्ये, सहा दिवे लावलेले असताना, भिंतीला धरून. टीपॉयचा कोपरा तिच्या गुडघ्याला लागला.

दादा बरोबर असेल, ही शक्यता तोपर्यंत मी मनात शिरूच दिली नव्हती.

आणि मग मी जे केलं ते आईला अजिबात आवडलं नाही. देवघरातलं पंचपाळं आणलं. त्याला मधल्या दांडीभोवती पाच वाट्या असतात: हळद, कुंकू, गुलाल, बुक्का, अक्षता. आईच्या पंचपाळ्यात त्यांचा क्रम माझ्या जन्माच्या आधीपासून ठरलेला आहे. तिचं लक्ष नसताना मी पंचपाळं फिरवून ठेवलं आणि म्हटलं, "आई, मला कुंकू लाव ना. ओकंबोकं वाटतंय कपाळ."

तिनं न बघितल्यासारखं बोट नेलं, बुडवलं आणि माझ्या कपाळावर टेकवलं. आरशात बघितलं तर गुलाल.

मी वळले तेव्हा तिच्या लक्षात आलं होतं. वाट्या कुठं आहेत ते ती बोटानं चाचपत होती. "फिरवलंस?" तिनं विचारलं. "माझी परीक्षा घेतेस? त्याच्यासारखीच?"

"आई, तसं नाही..."

"बोटाला सवय आहे म्हणून बोट गेलं. बघून लावायचं असेल तर बघून लावीन. पण बघायला दिसलं तर पाहिजे. हे बघ, ये इकडे, तू बघ. यातलं कुंकू कुठलं?"

मी वाकून बघितलं. खोटं कशाला सांगू, मला पंचपाळं उचलून डोळ्यांजवळ न्यावं लागलं. त्या पांढऱ्या उजेडात कुंकू चॉकलेटी दिसत होतं आणि गुलाल जांभळट. शेजारी शेजारी ठेवले म्हणून फरक कळत होता, एकेकटं बघितलं असतं तर मलाही खात्रीनं सांगता आलं नसतं. हळदीवर हिरवट झाक आली होती. म्हणजे आईचे डोळे की माझे दिवे, काहीच ठरत नव्हतं. आई स्वयंपाकघरात निघून गेली आणि त्या दिवशी माझ्याशी कामापुरतंच बोलली.

तिथून माझ्या घरी परत जाताना जुन्या हायवेनं गाडी चालवत होते आणि डोक्यात एकच होतं. संक्रांत चार-पाच दिवसांवर आलेली. हे दिवे ठेवले तर दादा येईल, आई भिंतीला धरून चालेल, आणि विषय संपेल. काढले तर पुन्हा समई. घरी पोचले आणि माझ्या देवघरातली हळद, कुंकू आणि गुलाल घेऊन तीन पुड्या बांधल्या. दिवा बघून दिवा कळत नाही, एवढं मला कळलं होतं. कुंकू बघून कळेल.

दुसऱ्या दिवशी कामशेतला थांबले. स्टेशनकडे वळताना एक इलेक्ट्रिकचं दुकान आहे. मालक पन्नाशीचे मुसलमान गृहस्थ, बोलणं अस्सल मावळातलं. त्यांच्या काऊंटरमागे फळीवर सगळ्या जातींची होल्डरं बसवलेली होती, गिऱ्हाइकाला दिवा लावून दाखवायला. मी काऊंटरवर पांढरा कागद पसरला आणि तीन चिमटी ओतल्या.

ते माझ्याकडे बघत राहिले. "ताई, दुकानाची पूजा घालताय व्हय?"

"नाही भाऊ. यातलं कुंकू मला लाल दिसेल असा दिवा द्या."

"कुंकू तर लालच आसतंय की."

"तुमच्या दिव्याखाली नसतं. लावून बघा."

त्यांनी एक लावला. "ह्यो घ्या, लय पावर हाय." चॉकलेटी. दुसरा लावला. तोच प्रकार. "मग बंगलेवाले नेत्यात तो दावतो," म्हणून त्यांनी रंग बदलणारा एक आणला. आमच्याकडे शनिवार-रविवारी भाड्यानं देतात त्या बंगल्यांसाठी हे दिवे भरपूर खपतात. माझं कुंकू हिरवं झालं, निळं झालं, मग गुलाबी. मी म्हटलं, "भाऊ, माझ्या आईच्या घरात पार्टी नाहीये. हळदीकुंकू आहे."

मी रागानं बोलले असणार, कारण ते हसायचे थांबले. दुकानातली ट्यूब त्यांनी घालवली, शटर अर्धं खाली ओढलं आणि खालच्या खणातून वेगळी खोकी काढली. "ह्ये पिवळं हायेत. म्हाग पडत्यात म्हणून कोण घेत न्हाई. उजेड कमी वाटंल तुमास्नी."

त्यांनी दिवा लावला आणि कागदावरचं कुंकू लाल झालं. आपल्या घरी दुपारी दारात उभं राहिलं की दिसतं तसं लाल. गुलाल गुलाबी झाला, हळद हळदीसारखी पिवळी. मी खोकं उलटून वाचलं. रंग किती खरे दिसतात त्याचा एक आकडा बारीक अक्षरात छापलेला होता. पहिल्या खोक्यांवर तो आकडा नव्हताच. वॉट बघायचे, पांढरा की पिवळा बघायचं, आणि हा आकडा बघायचा, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर आईचा गुडघा वाचला असता.

"सहा द्या," मी म्हटलं, आणि मग थांबले. कागदाच्या मधोमध उजेड होता, पण कडेला ठेवलेली माझी पर्स काळी होती. "भाऊ, हा जरा उंच धरा."

वायरीचं होल्डर घेऊन ते स्टुलावर चढले. जमिनीवर ताटाएवढा उजेड पडला. ताटाबाहेर अंधार.

आणि मला आमचा हॉल दिसला. सहा दिवे, सहा ताटं. दाराजवळचा चपलांचा कोपरा कुठल्याच ताटात येत नाही. सगळे दिवे चालू असते तरी काकू त्या दिवशी अंधारातच उभ्या राहिल्या असत्या. त्यांचं तोंड दिसणं शक्यच नव्हतं. मला एवढा आनंद झाला की मी दुकानात मोठ्यानं म्हटलं, "बघ दादा!"

"कोन?" भाऊंनी वरून विचारलं.

"काही नाही. यातच पसरट उजेडाचा आहे का?"

होता. उजेड रुंद पडणारा, रंग तोच, आकडा तोच. पण पाचच निघाले. सहावा तळेगावला किंवा पुण्यात बघा म्हणाले. मी पाच घेतले, तिन्ही पुड्या पुन्हा बांधल्या आणि निघाले. मागून ते म्हणाले, "आईला दिसू द्या बरं निट," आणि शटर वर केलं.

लोणावळ्याला जाऊन दिवे बसवले तेव्हा दाराकडच्या दिव्याची मान मी मुद्दाम त्या कोपऱ्याकडे वळवली. एक जागा रिकामी राहिली, ती आण्णांच्या खुर्चीवरची ठेवली. "ऐकू येत नाहीच, आता दिसायचंही बंद करा," ते म्हणाले. आई हॉलमध्ये आली ती भिंत न धरता. मधोमध उभी राहिली, वर बघितलं आणि विचारलं, "याचं बिल?"

"पाचही दिवसभर लावलेस तरी जुन्या एका दिव्याएवढी वीज खात नाहीत."

"मग उजेड येतो कुठून?" तिला ते पटलं नाही. हात वर करून दिवा तापलाय का ते बघायला निघाली होती. पण त्या संध्याकाळी तिनं दिवे आपणहून लावले आणि त्याखाली बसून तीळ निवडले. मी लांबून बघत होते. खडे बाजूला पडत होते. मी हुश्श केलं.

ते हुश्श दोनच दिवस टिकलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिळगुळाचे लाडू वळताना आई सहज म्हणाली, "समोर सांगून आले. उद्या ये म्हटलं तिला."

माझ्या हातातला लाडू फुटला. "काकूंना? हळदीकुंकवाला?"

"हं."

"आई, तुला कळतंय का? दादा येणार आहे. तो तेवढंच बघायला येतोय. तू काकूंना कुंकू लावलंस की तो म्हणेल, बघा, पुन्हा तेच, इतक्या उजेडातसुद्धा आईला माणूस दिसत नाही. आणि नाही लावलंस तर सगळ्या बायकांसमोर तिला वगळून पुढं जायचं. त्यापेक्षा बोलावूच नकोस ना."

ती लाडू वळत राहिली. "ती मला आलेली चालते. तुला चालत नसेल तर तू उद्या आत थांब."

"मग लावणार की नाही, ते तरी सांग."

"तिळात गूळ कमी पडलाय," आई म्हणाली.

त्या रात्री मी तिथंच राहिले आणि धड झोपले नाही. मला काय हवं होतं ते स्पष्ट सांगते. काकूंनी येऊ नये, असं मला वाटत होतं. आणि आल्याच तर आईनं त्यांच्यासमोर क्षणभर थांबावं, दादाच्या लक्षात येईल इतकं थांबावं, आणि पुढं जावं. म्हणजे दिसतंय हे सिद्ध झालं असतं. काकूंना काय वाटेल त्याचा विचार मी करत होते, नव्हते असं नाही. पण आईच्या घरापुढं तो विचार मी मागं सारला होता.

संक्रांतीच्या संध्याकाळी दादा लवकर आला. पाचही दिवे लागले होते. त्यानं वर बघितलं, हॉलभर फिरून बघितलं. "बरे आहेत," एवढंच म्हणाला आणि टेबलापाशी त्याच त्या खुर्चीवर बसला. बायका येऊ लागल्या. आई काळी साडी नेसली होती. वाण म्हणून लुटायला स्टीलच्या चाळण्या आणल्या होत्या. आण्णांनी सुचवलं होतं की ते पांढरे दिवे लुटा, फुकट घरात दवाखाना येईल, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही.

हॉल भरला. मी दाराकडे पाठ करून उभी होते, म्हणजे काकू न आल्याचं मला दिसू नये आणि आल्याचंही दिसू नये. तेवढ्यात मागून आवाज आला, "मी हितंच बरी हाय, वैनी."

काकू चपलांपाशी त्याच कोपऱ्यात उभ्या होत्या. पण आता त्या कोपऱ्यात उजेड होता. फिकट निळी साडी, मोकळं कपाळ.

"दारात कशाला?" आई म्हणाली. "आत ये. उजेडात बस."

काकूंनी इकडंतिकडं बघितलं. मधली एक बाई थोडी सरकली आणि काकू तिथं टेकल्या, बरोबर दिव्याखाली. आईनं पंचपाळं उचललं आणि कडेपासून सुरुवात केली. हळद, कुंकू, तिळगूळ, गोड बोला, चाळणी. पुढची. हळद, कुंकू. मी तिच्या मागून तिळगुळाचं ताट घेऊन चालले होते. दादा खुर्चीत पुढं सरकून बसला होता.

आई काकूंसमोर आली आणि थांबली.

थांबली, म्हणजे दिसलं, असं माझ्या मनात आलं. आता पुढं हो आई. पुढं हो.

काकूंनी मान खाली घातली. "न्हाई वैनी. मला नगं. नुसता तिळगूळ द्या."

आईचं बोट कुंकवात गेलं. दादा उठला. "आई," तो म्हणाला, जरा मोठ्यानंच, "कोण आहे ते बघ तरी."

"बघतेच आहे," आई त्याच्याकडे न वळता म्हणाली. तिनं डाव्या हातानं काकूंची हनुवटी धरली आणि तोंड वर, दिव्याकडे केलं. बराच वेळ बघितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "इतकी वर्षं कुंकू लावलंस ना, त्याची फिकट खूण राहिलीय. मधोमध नाही, जरा डावीकडे. तू कायम डावीकडेच लावायचीस, आरशात न बघता. तिथंच लावते."

आणि तिनं तिथंच लावलं. एक कणसुद्धा इकडंतिकडं सांडला नाही.

मी तिच्या खांद्यावरून बघत होते. खूण होती. इतकी वर्षं समोर राहणाऱ्या बाईच्या कपाळावरची ती खूण मला कधी दिसली नव्हती. काकू रडत होत्या आणि हातानं कपाळ झाकत नव्हत्या. एक म्हातारी बाई "अगं बाई" म्हणाली आणि थांबली. मग आण्णा आतल्या खोलीतून ओरडले, "चहा कुणी टाकलाय का नाही?" आणि दोघीतिघी हसल्या. आई पुढच्या बाईकडे वळली. हळद, कुंकू, तिळगूळ.

दादा उभाच होता. मग बसला. बायका गेल्यावर त्यानं खुर्च्या जागेवर लावल्या, चाळण्यांची रिकामी खोकी बाहेर नेऊन ठेवली आणि आण्णांच्या खुर्चीवरच्या रिकाम्या होल्डरकडे बघत मला विचारलं, "सहावा कुठाय?"

"मिळाला नाही. पाचच होते."

"खोकं दे एक. पुण्यात बघतो. पुढच्या रविवारी आणून लावतो." खोकं त्यानं खिशात घातलं. आईच्या पाया पडला. "रात्री हे लावत जा," तिला म्हणाला, "बिलाचा विचार करू नकोस," आणि निघाला. पुण्याला न्यायचा विषय त्यानं काढला नाही.

मी आणि आई हॉलमध्ये उरलो. ती दिव्याखाली बसून पंचपाळ्याच्या वाट्या पुसत होती, पुसून आपल्या क्रमानं लावत होती. मला आनंद झाला होता, पण एक गोष्ट टोचत होती.

"आई, खरं सांग. मार्गशीर्षातसुद्धा तुला दिसलं होतं ना? मुद्दाम लावलं होतंस ना?"

"नाही," ती म्हणाली. "तेव्हा नव्हतं दिसलं. तिच्या जागी तू असतीस तरी ओळखलं नसतं."

म्हणजे दादा चुकला नव्हता.

"बायका गेल्यावर तुमच्या बोलण्यातून कळलं मला, कुणाला लावलं ते," ती म्हणाली. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी ती ताट द्यायला आली. अंगणात उन्हात उभी होती. मी हात जोडणार होते. म्हणणार होते, बाई, चुकले, डोळे गेलेत माझे. तर तिच्या कपाळावर कुंकू तसंच."

तिनं कुंकवाची वाटी जागेवर बसवली.

"पुसलं नव्हतं तिनं. घरी एकटी होती गं, कोण बघणार होतं? पण पुसलं नव्हतं."